जेरेशी नीट बोलू नका

सार्जंट लेव्हिसन जेरे आणि मी, आम्ही कापोशाच्या पोलीस ठाण्यात सात वर्षं एकमेकांचा पाणउतारा केला. एक दिवस चुकवला नाही. मी रजेवर माहेरी गेले तर तो फोन करून विचारायचा, माकड शिजलं का अजून झाडावरच आहे? आणि मी भरल्या घरात, पाहुण्यांसमोर, फोनमध्ये ओरडून सांगायची की उंदीर शेपटीकडून खा, डोक्याकडून घशात अडकेल.

बाहेरच्या माणसाला वाटतं, यांचं वाकडं आहे. आमच्याकडे ज्यांचं वाकडं असतं ती माणसं एकमेकांशी फार गोड बोलतात. जेरे न्गोनी जमातीचा, मी बेम्बा; ते उंदीर खातात, आम्ही माकडं, असं एकमेकांना चिडवायचं. आमच्या खापरपणजोबांनी एकमेकांवर भाले चालवले आणि कंटाळा आल्यावर ठरवलं, यापुढे फक्त जिभा चालवायच्या. तेव्हापासून न्गोनी आमचे चिंबुया, म्हणजे थट्टेचे भाऊबंद. चिंबुया काहीही बोलला तरी रागवायचं नाही. मयताच्या घरी तर त्याचा हक्कच. घरचे रडत बसलेले असतात तेव्हा चिंबुया खड्डा खणतो, पाणी भरतो आणि शवपेटीपाशी उभा राहून मेलेल्याला झाडतो की, काम दिसलं की झोपायची तुझी सवय गेली नाही ना शेवटपर्यंत.

माझे वडील गेले तेव्हा जेरे दोनशे किलोमीटरवरून आला, पेटीला पाठ टेकून बसला आणि म्हणाला, म्हातारबा, आज रानातली माकडं नाचत असतील. त्या तीन दिवसांत मी तेव्हा पहिल्यांदा हसले, आणि हसता हसता एकदाची पोटभर रडले. हे मी आयुष्यात विसरायला नको होतं. पण विसरले, ते कसं तेच सांगते.

फेब्रुवारीत, नदी दुथडी भरलेली असताना, एक बस पुलाचा कठडा तोडून खाली गेली. जेरेची त्या दिवशी रस्त्यावर नाकाबंदी होती. सगळ्यांच्या आधी तोच पोहोचला आणि कमरेचा पट्टासुद्धा न सोडता पाण्यात उतरला. अकरा माणसं त्याने एकट्याने जिवंत काढली. आम्ही गाडी घेऊन पोहोचलो तेव्हा तो जिवंत माणसं संपवून मेलेल्यांना काठावर ओळीने निजवत होता. सात जण होते. वरून शाबासकीचं पत्र आलं, ते आमचे ठाणेदार हांगोमा साहेबांनी चौकट करून भिंतीवर लावलं. त्या भिंतीकडे तोंड करून जेरे पुन्हा कधी बसला नाही.

तो बोलेनासा झाला. रस्त्यावरची ड्यूटी नको म्हणाला आणि मागच्या बाजूला हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूंची खोली आहे, तिथे जाऊन बसायला लागला. दिवसभर छत्र्या आणि सायकली पुसायचा. स्वतःचा फोन बंद करून खणात टाकला तो टाकलाच. दुसऱ्या कुणाचा वाजला तर उठून बाहेर जायचा. ते बघून आम्ही सगळ्यांनी आपापल्या फोनचे आवाज बंद केले. मग मी एक शहाणपणा केला. ठाण्यात आम्ही नऊ जण, त्यातले सहा बेम्बा. सगळ्यांना गोळा करून मी बजावलं, की या माणसाने जे पाहिलंय त्यानंतर त्याची थट्टा म्हणजे पाप आहे. आजपासून जेरेशी सगळ्यांनी नीट बोलायचं. उंदीर हा शब्दसुद्धा काढायचा नाही.

झालं. दुसऱ्या दिवसापासून ज्याला मी सात वर्षं 'ए शेपट्या' म्हणून हाक मारली त्याला 'बा जेरे, आपण चहा घेणार का?' असं, श्रीयुत म्हणतात तसं 'बा' लावून विचारायला लागले. तो म्हणायचा, नको, आभारी आहे. मला वाटायचं, किती समजूतदारपणे वागतो आहोत आपण. आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मार्चपासून राजधानीतून, लुसाकाहून, मिस लिकांडो यायला लागल्या. त्याही पोलीसच, पण अशा प्रसंगातून गेलेल्या पोलिसांशी बोलायचं शिकून आलेल्या. पोलिसाला कोणी 'तुला कसं वाटतं' म्हणून विचारलं की तो आधी दाराकडे बघतो, त्यामुळे आम्ही सगळे नाकं मुरडून उभे होतो. बाई गाडीतून उतरल्या, हांगोमा साहेबांच्या पोटाकडे नीट बघितलं आणि विचारलं, एवढं वाढवायला किती गाई चोरल्या? साहेब टोंगा, बाई लोझी, म्हणजे तेही एकमेकांचे चिंबुया. साहेब इतके खूश झाले की त्यांनी आपली स्वतःची खुर्ची आंब्याच्या झाडाखाली नेऊन ठेवली. दर दुसऱ्या गुरुवारी त्या खुर्चीसमोर बाई बसायच्या आणि नदीवर गेलेल्या प्रत्येकाने तासभर त्यांच्यापाशी बसायचं, असा हुकूम निघाला.

पहिल्यांदा मी बसले. माझं काही नाही म्हणून बसले आणि त्या सात जणांमधल्या एका बाईच्या पायात एकच चप्पल होती, ते सांगता सांगता तासाचा दीड तास झाला. मला रात्री झोप लागायला लागली. बाकीचेही एकेक करून बसले. आमचा ड्रायव्हर तर इतका रडला की परत येऊन त्याने सात भजी खाल्ली. जेरेही गेला. दर वेळी गेला. टोपी मांडीवर ठेवून तासभर बसायचा, 'मी बरा आहे, मॅडम' एवढं तीनदा म्हणायचा आणि सलाम करून परत यायचा.

जुलै संपताना त्याने राजीनामा लिहिला. अठरा वर्षांची नोकरी, आणि कारण म्हणून एकच ओळ, की मी या वर्दीच्या लायक नाही. हांगोमा साहेबांनी कागद खणात टाकला आणि ऑगस्ट संपेपर्यंत मी तो वाचणार नाही, माझा चष्मा अजून तयार व्हायचाय, असं सांगून टाकलं. मी मिस लिकांडोंना गाठलं. मी म्हटलं, तुम्ही एवढं शिकलात, काढा की त्याच्या मनातलं बाहेर. त्या म्हणाल्या, "खुर्ची मोकळी ठेवणं माझ्या हातात आहे, कासोंडे. तो तिथे बोलायला हवा तर त्याला आधी वाटलं पाहिजे, की तो अजून तुमच्यातला आहे." मी मान डोलावली आणि मला काही म्हणजे काही कळलं नाही.

कळलं ते त्याच्या बायकोमुळे. ऑगस्टमधल्या एका बुधवारी एस्नाट पोलीस लाइनीतून तरातरा आली आणि माझ्या चौकशीच्या टेबलावर दोन्ही हात आपटून उभी राहिली. रांगेत चार माणसं तक्रार द्यायला थांबली होती. ती मुकाट्याने भिंतीला टेकली.

"माझ्या नवऱ्याने तुमचं काय घोडं मारलंय?" तिने विचारलं. "सहा महिने बघतेय. तुम्ही त्याला 'आपण' म्हणता. 'बसा' म्हणता. काल तू माझ्या दारावरून गेलीस आणि मलासुद्धा नमस्कार केलास."

मी म्हटलं, आम्ही त्याला जपतोय.

"जपताय? तो काय म्हणतो ऐक. म्हणतो, बेम्बा मेलेल्या न्गोनीलासुद्धा सोडत नाहीत, पेटीपाशी उभं राहून शिव्या घालतात. मला एक शब्द बोलत नाहीत. म्हणजे मी मेल्याच्याही पलीकडे गेलो. म्हणतो, मी काय केलं ते त्यांना कळलंय."

"काय केलं त्याने?"

"मला काय विचारतेस? मला सांगतोय कुठे." आणि इतका वेळ वाघिणीसारखी उभी असलेली एस्नाट माझ्याच खुर्चीत बसून माझ्याच रुमालाला नाक पुसायला लागली.

 वडिलांच्या पेटीला टेकून बसलेला जेरे डोळ्यासमोर आला. ज्या माणसाने माझ्या घरी येऊन मला हसवलं, त्याच्या घरावर संकट आलं तेव्हा मी काय केलं, तर त्याला वाळीत टाकलं. वर सगळ्यांना टाकायला लावलं. मी चार तक्रारी ड्रायव्हरच्या गळ्यात मारल्या आणि बाजारात गेले. आमच्या बाजारात पूर्वेकडची, जेरेच्या मुलखातली एक म्हातारी बसते. तिच्याकडे उकडून वाळवलेले, मीठ लावलेले, चिरलेल्या काडीत ओळीने अडकवलेले उंदीर मिळतात. जन्मात पहिल्यांदा मी ती वस्तू विकत घेतली. म्हातारीने माझं आडनाव विचारलं, बेम्बा म्हणून ओळखलं आणि इतकी हसली की तिचा एक दात मला पूर्ण दिसला.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. हजेरी झाल्यावर मी तो जुडगा पुराव्याच्या पाकिटात घातला आणि सापडलेल्या वस्तूंच्या खिडकीवर जाऊन उभी राहिले. माझ्या मागे, काही काम नसताना, अख्खं ठाणं येऊन उभं राहिलं.  तो चिडला असता तर मला चाललं असतं. तो 'आभारी आहे' म्हणाला असता तर मी काय करणार होते?

"वस्तू सापडली आहे," मी म्हटलं. "नोंद कर."

त्याने वही उघडली. वर न बघता विचारलं, कुठे सापडली, काय आहे. मी पाकीट खिडकीतून आत सरकवलं. त्याने उघडलं. आणि नुसता बघत राहिला.

"बेवारशी फिरत होते," मी म्हटलं.  "ओळख पटवायला तुझ्याशिवाय कोण आहे? नीट बघ ए शेपट्या, सासरकडचं कोणी आहे का यात?"

 हांगोमा साहेब माझ्या मागे उभे होते, त्यांच्या पोटातली गुरगुरसुद्धा मला ऐकू आली. जेरेने पेन उचललं. खाली मान घालून बराच वेळ लिहीत राहिला. मग वही वर धरली आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा आम्हाला त्याचा मोठा आवाज ऐकू आला.

"वस्तू: उंदीर, वाळवलेले, उत्तम प्रतीचे. आणून देणारी: झाडावरून नुकतीच उतरलेली एक बेम्बा बाई. शेरा: काही शेपट्या गायब आहेत. सदर बाईच्या दातांची तपासणी व्हावी."

जे हसू फुटलं ते काय सांगू. ड्रायव्हर जमिनीवर बसला. साहेबांनी भिंतीवर डोकं टेकलं. सहा बेम्बांनी सहा महिन्यांचं तुंबलेलं एकदम मोकळं केलं, कोण काय बोलतंय कळेना, आणि जेरे प्रत्येकाला वहीत बघून उत्तर देत होता. हसता हसता त्याचे खांदे हलत होते ते हलतच राहिले. मला आधी समजलं नाही. मग समजलं, तेव्हा मी सगळ्यांना हाकललं, दाराने आत गेले आणि एका बेवारशी सायकलच्या कॅरिअरवर त्याच्या शेजारी बसले.

तिथे त्याने सांगितलं. त्या दिवशी काठावर निजवलेल्या एका माणसाच्या खिशात फोन वाजायला लागला. पाण्यात भिजूनही वाजत होता. थांबायचा आणि परत वाजायचा. शेवटी जेरेने उचलला. पलीकडे बायको होती. आज भुईमूग घालून भाजी केलीय, कुठवर आलात, एवढंच तिने विचारलं.

"मी पोलीस आहे, कासोंडे. ते सांगणं माझं काम होतं. माझ्या तोंडून काय निघालं माहीत आहे? म्हटलं, हो मायो, निघालाय. जेवायला पोहोचेल."

तिने बरं म्हणून फोन ठेवला. खरं काय ते तिला दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच कुणीतरी सांगितलं. इतके महिने जेरेला वाटत होतं, तिने तक्रार केली असणार, आम्हाला कळलं असणार, म्हणून आम्ही असे तुटक वागतोय.  मी त्याला बाहीला धरून आंब्याखाली नेलं. मिस लिकांडो आल्या होत्या, खुर्ची मोकळी होती. तो बसला आणि या वेळी तीन तास उठला नाही. त्यांचा चहा दोनदा गार झाला, मी दोनदा बदलून आणला, आणि दोन्ही वेळा कान न देता परत आले, हे माझं आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम.

एका दिवसात कोणी बरं होत नाही. त्यानंतरही काही दिवस तो फोन वाजला की दचकायचा. पण आता दचकला की मी विचारायची, काय रे, मांजर आलं का? आणि तो हसायचा, मग बसायचा. महिनाअखेर आली तेव्हा त्याने हांगोमा साहेबांकडे अजून एक महिना मागितला. साहेब म्हणाले, चष्मा अजून तयार झालेला नाही. सप्टेंबरात मिस लिकांडोंनी त्याला विचारलं, फोनवरच्या त्या बाईंना तुला काय सांगायचंय? तो म्हणाला, समोर जाऊन सांगायचंय. बाईंनी आधी तिला स्वतः फोन केला, सगळं कानावर घातलं आणि भेटायचं आहे का विचारलं. ती म्हणाली, येऊ दे. मग बाई जेरेला म्हणाल्या, सोबत कोणाला तरी ने, आणि त्या मेल्याने जगात दुसरं कोणी नसल्यासारखं मला नेलं.

दोन तासांच्या वाटेवर गाडीत त्याने तोंड उघडलं नाही. तिचं नाव बाना कापेंबा, म्हणजे कापेंबाची आई, आणि तीही बेम्बाच. अंगणात चटईवर बसून शेंगा सोलत होती. आम्हाला बसा म्हणाली. मी बसले, जेरे बसला नाही. टोपी हातात घेऊन उभा राहिला आणि न अडखळता सगळं सांगितलं. फोन, भाजी, आपण काय बोललो ते. मग म्हणाला, "मायो, मी तुमच्याशी खोटं बोललो. माफी मागायला आलोय."

ती सोलत राहिली. हातातली शेंग संपवली, टरफलं झटकली.

"नाव काय म्हणालास?"

"जेरे."

"जेरे म्हणजे न्गोनी?"

"हो."

"तरीच," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "न्गोनी आणि खरं बोलणार?"

मला हसू आलं ते मी गिळलं.  ती त्याच्याकडे वळली, आणि आता तिचा आवाज मऊ होता. "ऐक. बावीस वर्षांत माझा नवरा एकदाही जेवायला वेळेवर आला नाही. पोहोचेल म्हणालास तेव्हाच मला संशय आला. पण मी ताट झाकून ठेवलं आणि झोपले. चांगली झोपले. त्यानंतर किती दिवस झोप नव्हती, ते माझं मला माहीत. ती एक रात्र तू दिलीस. मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, आज तुला सांगते."

जेरे खाली बसला, मातीतच. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तो ते पुसत नव्हता. मीही पुसत नव्हते. बाना कापेंबाने आम्हाला थोडा वेळ रडू दिलं. मग कमरेवर हात ठेवून उठली.

"खोटं बोललास ते माफ. पण मयताला आला नाहीस, ते नाही. चिंबुया असून! खड्डा आमच्याच माणसांनी खणला, पाणी आमच्याच बायकांनी भरलं, आणि माझ्या नवऱ्याला दोन शब्द बोलायला एक न्गोनी मिळाला नाही. नुसती भजनं म्हणून पुरला त्याला. बादल्या तिकडे आहेत."

सार्जंट लेव्हिसन जेरेने वर्दीच्या बाह्या दुमडल्या आणि विहिरीवरून पाणी भरलं. तिच्या घरचं भरलं, मग तिच्या जावेच्या घरचं, मग शेजारणीही पिंपं घेऊन आल्या, कारण न्गोनी फुकट राबतोय ही बातमी गावात पसरली होती. बायका दोन्ही बाजूंनी त्याला टोमणे मारत होत्या आणि तो बादली न सांडता प्रत्येकीला परतफेड करत होता. मी सावलीत बसून शेंगा खाल्ल्या. इतक्या चवीच्या शेंगा मी पुन्हा खाल्ल्या नाहीत.

उन्हं कलली तेव्हा ती आम्हाला नवऱ्याच्या, सायमनच्या कबरीवर घेऊन गेली. बोल, म्हणाली. जेरे मातीच्या उंचवट्यासमोर उभा राहिला.  मला वाटलं, नाही जमणार याला. मग त्याने दोन्ही हात कमरेवर ठेवले.

"काय रे सायमन," तो म्हणाला, "मी तुझ्या बायकोला सांगितलं, जेवायला पोहोचेल. आणि तू मला खोटं पाडलंस?"

बाना कापेंबा इतकी हसली की तिला माझा खांदा धरावा लागला. हसत हसत खाली बसली, कबरीवर थापट्या मारत म्हणाली, ऐकलंस का, ऐकलंस का रे. आणि जेरे तिच्या शेजारी बसून पहिल्यासारखा, सात वर्षं ठाण्याच्या भिंती हलवायचा तसा, पोट धरून हसला. तो आवाज ऐकून मला माझा भाऊ परत मिळाला असं वाटलं. हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही, फार माजेल.

परत येताना त्याने गाडी चालवली. उद्या साहेबांच्या खणातून तो कागद काढून घेतो, म्हणाला, तुझे उंदीर भाजायला जाळ लागेल. पूल आला तेव्हा त्याने गाडी थोडी हळू केली, नदीकडे एकदा बघितलं आणि पुढे घेतली. पूल ओलांडून जरा पुढे आलो आणि त्याच्या खिशात फोन वाजला. तो खणातून कधी बाहेर आला होता, मला माहीतच नव्हतं.  त्याने गाडी कडेला लावली आणि फोन उचलला. एस्नाट होती. कुठवर आलात, विचारत होती.

"निघालोय," जेरे म्हणाला. "जेवायला पोहोचतो."

आणि आम्ही पोहोचलो. मक्याच्या उकडीचा न्शिमा अजून गरम होता.